जीएचके-कॉपर पेप्टाइडचे द्रावण: जूनमध्ये पेशी वाढल्या, जुलैत मेल्या, चूक कुठे शोधावी?

पेशीपालन_कलिना (प्रश्न)

नमस्कार. मी कलिन्याजवळच्या एका महाविद्यालयात पीएच.डी.चे काम करते. ग्लायसिल-हिस्टिडिल-लायसिन या तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा तांब्याबरोबर होणारा कॉम्प्लेक्स, म्हणजे जीएचके-कॉपर, उंदराच्या एल-९२९ फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींवर कोलॅजेन या प्रथिनाच्या निर्मितीच्या दृष्टीने काय परिणाम करतो हे मला पाहायचे आहे. १९७३ मध्ये लोरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून हे पेप्टाइड वेगळे केले आणि १९८८ मध्ये फ्रान्समधील माकार व सहकाऱ्यांनी फायब्रोब्लास्टमध्ये ते नॅनोमोलर प्रमाणातच कोलॅजेन वाढवते असे दाखवले, हे वाचूनच मी हा विषय घेतला. प्रयोग तसा साधा वाटला होता, पण आता दीड महिना मी एकाच जागी अडकले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ५० मिलिग्रॅमची निळ्या भुकटीची पहिली व्हायल आली. ती मी फॉस्फेट बफर सलाईनमध्ये (पीबीएसमध्ये) विरघळवून १० मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करायचे मूळ द्रावण, केला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि त्याच दिवशी वापरला. मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचे पोषक द्रावण, डीएमईएम प्रकारचे होते आणि त्यात १० टक्के सीरम (रक्ताचा द्रव भाग) होते. १ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत सर्व प्रमाणांत पेशी ठणठणीत राहिल्या, काही विहिरींत (पेशींच्या थाळीतल्या खळग्यांत) तर नियंत्रणापेक्षा, म्हणजे पेप्टाइड न घातलेल्या पेशींपेक्षा, थोड्या जास्तच वाढल्या. उरलेला स्टॉक उणे २० अंशांवर ठेवला.

जुलैमध्ये मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार सीरमचा प्रभाव टाळण्यासाठी मी सीरमविरहित मीडियम घेतले आणि कोलॅजेन नीट तयार व्हावे म्हणून दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घातले. गोठवलेला स्टॉक वितळल्यावर तळाशी बारीक साका दिसला, म्हणून तो पुन्हा गाळून घेतला. १० मायक्रोमोलरच्या विहिरींतील पेशी चोवीस तासांत सुटून तरंगू लागल्या, आणि १ नॅनोमोलरला काहीच फरक दिसला नाही. दुसरी व्हायल उघडून नवा स्टॉक केला, तरीही तेच झाले. ही दुसरी व्हायल ऐन पावसात कुरिअरकडे दोन दिवस अडकली होती आणि हाती आली तेव्हा आतले जेल-पॅक पूर्ण वितळलेले होते.

भुकटी खराब झाली असेल काय? वजनात चूक होत असेल काय? वितरकाच्या प्रमाणपत्रावर एचपीएलसी (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजण्याची पद्धत) शुद्धता ९८ टक्क्यांहून अधिक दिलेली आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पृथक्करण_पवई

आपण भुकटी, काटा, कुरिअर आणि फिल्टर या सर्वांची माहिती दिली आहे, पण ज्या धातूमुळे हे संयुग निळे दिसते तो त्या व्हायलमध्ये किती आहे, हे आपल्या प्रश्नात कुठेही आलेले नाही. शोध तिथून सुरू करावा असे मला वाटते.

प्रथम त्या ९८ टक्क्यांविषयी लिहितो. पेप्टाइडच्या नेहमीच्या एचपीएलसीमध्ये मोबाइल फेजला (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाला) ०.१ टक्का ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल असते आणि त्याचा पीएच सुमारे २ असतो. इतक्या आम्लात हिस्टिडिनचा व टोकाच्या अमाइनचा नायट्रोजन प्रोटॉन घेऊन तांबे सोडून देतात, त्यामुळे कॉलममधून येते ते तांबे नसलेले पेप्टाइड. २१४ किंवा २२० नॅनोमीटरला दिसणारे शिखर पेप्टाइड बंधांचे असते. म्हणजे व्हायलमध्ये तांबे बरोबर प्रमाणात असो, निम्मे असो वा जास्त असो, ते शिखर तसेच दिसेल. शिवाय ही शुद्धता म्हणजे इतर पेप्टाइडांच्या तुलनेतले प्रमाण असते. भुकटीतील पाणी, ॲसिटेट आणि ट्रायफ्लुओरोॲसिटेट त्यात मोजलेच जात नाहीत. त्यासाठी 'नेट पेप्टाइड कंटेंट' हा वेगळा आकडा मागवावा लागतो आणि तो मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही.

दुसरा मुद्दा रेणुभाराचा. नुसत्या जीएचकेचा रेणुभार ३४०.४ आहे आणि एकास एक प्रमाणातल्या तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा सुमारे ४०१.९. बाजारात दोन पेप्टाइडांना एक तांबे असा प्रकारही याच नावाने मिळतो आणि त्याचा रेणुभार ॲसिटेट वगळता सुमारे ७४२.३ भरतो. आपल्या ५० मिलिग्रॅमचे गणित करून पाहा. भुकटी एकास एक असेल तर तिच्यात १२४ मायक्रोमोल कॉम्प्लेक्स असतो आणि १० मिलिमोलरसाठी १२.४ मिलिलिटर द्रावण करावे लागते. त्याच १२.४ मिलिलिटरमध्ये दोनास एक प्रकारची भुकटी विरघळवली, तर पेप्टाइड १०.८ मिलिमोलर आणि तांबे फक्त ५.४ मिलिमोलर होईल. आपण गणितात कोणता रेणुभार धरला होता, ते कृपया कळवावे.

हा प्रकार ओळखणे अवघड नाही. कोरड्या एकास एक कॉम्प्लेक्समध्ये वजनाने १५.८ टक्के तांबे असते आणि दोनास एकमध्ये ८.६ टक्के. पाणी आणि ॲसिटेटमुळे दोन्ही आकडे खाली सरकतात, म्हणून नुसत्या टक्केवारीवर न थांबता पेप्टाइड वेगळ्या पद्धतीने मोजून दोघांचे गुणोत्तर काढावे. तांब्यासाठी ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनवर (अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) ३२४.८ नॅनोमीटरची रेषा वापरता येते किंवा पवईला आयआयटीच्या उपकरण केंद्रात आयसीपी या धातू मोजण्याच्या पद्धतीसाठी नमुना देता येतो. तोपर्यंत थांबायचे नसेल तर बाथोक्युप्रॉइन डायसल्फोनेट घेऊन साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही काम होते. ॲस्कॉर्बेटने तांबे एक-संयुजी केले की ते या अभिकारकाबरोबर नारिंगी रंग देते आणि तो ४८३ नॅनोमीटरला मोजतात. मोलर शोषणांक सुमारे १३,००० असल्यामुळे १० मायक्रोमोलर तांबेही ०.१३ असे स्वच्छ वाचन देते. प्रमाणित तांब्याच्या द्रावणाची रेषा मात्र त्याच दिवशी, त्याच अभिकारकाने काढलेली असावी.

प्रथिने मोजण्याची बीसीए पद्धत इथे अजिबात वापरू नये. ती स्वतःच तांब्यावर चालते, त्यामुळे तिचे वाचन कशाचे आहे ते सांगता येणार नाही.

पेशीपालन_कलिना

सर, तत्पर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मी गणितात ३४०.४ धरला होता, कारण वितरकाच्या संकेतस्थळावर तोच आकडा आहे. लेबलवर 'कॉपर ट्रायपेप्टाइड' एवढेच लिहिले आहे, गुणोत्तर कुठेही दिलेले नाही. म्हणजे भुकटी एकास एक असली तरी माझा १० मिलिमोलरचा स्टॉक प्रत्यक्षात सुमारे ८.५ मिलिमोलर होता. पण एवढ्या फरकाने पेशी मरणार नाहीत, उलट प्रमाण कमीच झाले.

माजी_रसायनशिक्षक_दादर

आपला शेवटचा निष्कर्ष बरोबर आहे. पेशी मरण्याचे कारण वजनात सापडणार नाही. मात्र स्टॉकमध्ये आलेला साका मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

जीएचके तांब्याला तीन नायट्रोजनांनी धरते: ग्लायसिनच्या टोकाचा अमाइन, ग्लायसिन व हिस्टिडिन यांच्यामधला अमाइड आणि हिस्टिडिनच्या इमिडॅझोल कड्यातला नायट्रोजन. चौथ्या जागी पाणी असते, किंवा पेप्टाइड जास्त असेल तर दुसऱ्या रेणूचे हिस्टिडिन. ही पकड पीएच ७ च्या आसपास उत्तम असते. मात्र अमाइडच्या नायट्रोजनने आपला प्रोटॉन सोडल्याशिवाय ती बसत नाही, म्हणून आम्लात ती सुटते आणि कॉम्प्लेक्स तयार होत असताना द्रावण आपोआप आम्लीय होत जाते. मुलांच्या हातून सर्वांत जास्त वेळा निसटणारी गोष्ट हीच आहे. ते पेप्टाइड आणि तांबे एकत्र करतात, पीएच पाहत नाहीत, आणि निम्मे तांबे मोकळे ठेवून पुढे जातात.

मोकळे तांबे फॉस्फेटच्या द्रावणात गेले की कॉपर फॉस्फेटचा निळसर पांढरा साका धरते. आपल्या फिल्टरवर निळी झाक राहिली होती काय, ते आठवून पाहावे. साका गाळून टाकणे म्हणजे तांबेच गाळून टाकणे. शिवाय सोडियम फॉस्फेटचे बफर गोठताना त्यातला डायसोडियम क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली जातो. म्हणजे फ्रीजरमध्ये आपला कॉम्प्लेक्स काही काळ आम्लात आणि फॉस्फेटच्या गर्दीत राहिला. वितळल्यावर पीएच पुन्हा ७.४ दिसतो, पण खाली बसलेला साका सहजी परत विरघळत नाही.

माझी सूचना अशी की तयार निळी भुकटी बाजूला ठेवावी, तांबे नसलेले जीएचके घ्यावे आणि कॉम्प्लेक्स स्वतः करावा. म्हणजे गुणोत्तर आपल्या हातात राहते. पेप्टाइड ॲसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात मागवावे. ट्रायफ्लुओरोॲसिटेट पेशींच्या कामात नको, कारण त्याचा स्वतःचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते.

पद्धत लिहितो. क्युप्रिक क्लोराइड डायहायड्रेटचे १७०.५ मिलिग्रॅम दहा मिलिलिटर १८.२ मेगाओमच्या पाण्यात विरघळवले की १०० मिलिमोलरचा स्टॉक होतो. हा क्षार हवेतले पाणी ओढतो, म्हणून वजनावर विसंबू नये आणि वर सांगितलेल्या पद्धतीने त्यातले तांबे एकदा मोजून घ्यावे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा अगदी थोडा अंश ठेवला तर हायड्रॉक्साइड खाली बसत नाही. शंभर मायक्रोमोल पेप्टाइड, म्हणजे निव्वळ ३४ मिलिग्रॅम, सुमारे आठ मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. बफर घालू नये. हळू ढवळत तांब्याचे द्रावण थोडे थोडे करून एकूण ०.९५ मिलिलिटर घालावे आणि प्रत्येक वेळी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी पीएच ७ ते ७.४ पर्यंत आणावा. एकदम अल्कली ओतल्यास त्या जागी कॉपर हायड्रॉक्साइडचे ढग येतात. शेवटी पाण्याने दहा मिलिलिटर करावे. तांबे मुद्दाम पाच टक्के कमी ठेवले आहे, कारण थोडे पेप्टाइड मोकळे राहिले तर चालते, पण थोडेही तांबे मोकळे राहिलेले चालत नाही.

माझे बालपण निफाडकडे गेले. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना एकत्र झाल्यावर वडील त्यात लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहत. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे राहिले आहे, अजून चुना हवा, असा त्याचा अर्थ असे. ते रसायनशास्त्र शिकले नव्हते, पण मोकळे तांबे पान जाळते हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याला विळ्याऐवजी स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला आहे. मोकळ्या तांब्याचे शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास आणि अगदी फिके असते, तर जीएचकेने धरलेल्या तांब्याचे ६०० च्या आसपास आणि बरेच गडद असते. तांबे थोडे थोडे घालत ६०० ला वाचन घ्यावे आणि आलेख काढावा. रेषा जिथे वाकते तिथे पेप्टाइड संपले असे समजावे. या एका आलेखातून पेप्टाइडचे खरे प्रमाणही कळते आणि नेट कंटेंटचा प्रश्न सुटतो.

ऊतीसंवर्धन_परळ

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. परंतु जून आणि जुलै यांतला खरा फरक माझ्या मते मीडियममध्ये आहे, आणि फायब्रोब्लास्टवर बरीच वर्षे काम केलेले असल्यामुळे तो मला लगेच खटकला.

आपण जुलैमध्ये एकाच वेळी दोन बदल केले: सीरम काढले आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घातले. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास २८० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बेट. मोकळे किंवा सैल धरलेले तांबे ॲस्कॉर्बेटने एक-संयुजी होते, विरघळलेला ऑक्सिजन त्याला पुन्हा द्वि-संयुजी करतो, आणि हे चक्र फिरत असताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते. त्याच तांब्याच्या सान्निध्यात पुढे हायड्रॉक्सिल मूलकेही तयार होतात. ३७ अंशांवर, सीरमविरहित मीडियममध्ये हे घडले तर पेशींना वाचवणारे काहीच उरत नाही. जूनमध्ये सीरमातले अल्ब्युमिन तांबे धरून बसले होते आणि सीरमातली कॅटालेजसारखी एंझाइमे पेरॉक्साइड मोडत होती. डीएमईएमच्या काही प्रकारांत सोडियम पायरुवेट असते आणि तेही पेरॉक्साइड खाते. आपली जुलैची बाटली पायरुवेट नसलेली आहे काय, ते लेबलवर पाहावे.

ही शंका एका दिवसात तपासता येते. दहा मायक्रोमोलरच्या काही विहिरींत कॅटालेज घाला आणि काहींत घालू नका. कॅटालेजने पेशी वाचल्या तर मारेकरी पेरॉक्साइड आहे. पुढच्या प्रयोगांत ॲस्कॉर्बिक आम्लाऐवजी त्याचे २-फॉस्फेट घ्यावे. त्याला तांबे थेट ऑक्सिडाइज करू शकत नाही, पेशींच्या फॉस्फेटेजने फॉस्फेट तोडल्यावरच ॲस्कॉर्बेट हळूहळू मोकळे होते. कोलॅजेनच्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसवण्यासाठी ॲस्कॉर्बेट लागतेच, त्यामुळे ते पूर्ण वगळणे हा उपाय नव्हे.

आता १ नॅनोमोलरला परिणाम का दिसला नाही, याविषयी. डीएमईएममध्ये हिस्टिडिन २०० मायक्रोमोलर असते. दहा टक्के सीरम असेल तर त्यातून अल्ब्युमिन साधारण ३० ते ४० मायक्रोमोलर येते, आणि अल्ब्युमिनची तांब्यावरची पकड जीएचकेच्या जवळपास बरोबरीची आहे. १ नॅनोमोलर कॉम्प्लेक्सच्या तुलनेत ही गर्दी हजारो पटींनी मोठी आहे. शिवाय सीरमातली पेप्टिडेज एंझाइमे एवढे लहान पेप्टाइड सहज तोडतात. विहिरीत आपण जीएचके-कॉपर टाकतो, पण पेशीपर्यंत काही मिनिटांनी काय पोहोचते हा वेगळाच प्रश्न असतो. जुन्या प्रयोगांतील नॅनोमोलर परिणाम खोटा आहे असे मी म्हणत नाही. मात्र तो पुन्हा दाखवायचा असेल तर तांब्याचा प्रवास गृहीत धरून चालणार नाही.

म्हणूनच नुसते वाहक द्रावण हे एकच नियंत्रण पुरेसे नाही. तांबे नसलेले जीएचके, तेवढेच तांबे क्युप्रिक क्लोराइडच्या रूपात, आणि तेवढेच तांबे हिस्टिडिनबरोबर, अशा तीन वेगळ्या विहिरी हव्यात. कोलॅजेनचे आडबंध बांधणारे लायसिल ऑक्सिडेज हे एंझाइमच तांब्यावर चालते, तेव्हा पेप्टाइडशिवाय नुसत्या तांब्यानेही आपल्या मोजमापात फरक पडू शकतो. हे नियंत्रण नसलेला कुठलाही निष्कर्ष मी स्वीकारणार नाही.

आणखी एक सवय तपासावी. पेशी उचलताना ट्रिप्सिन या एंझाइमबरोबर ईडीटीए (धातू पकडून ठेवणारे रसायन) वापरले असेल तर पेशी नीट धुतल्या होत्या काय? ईडीटीएची तांब्यावरची पकड जीएचकेपेक्षा कितीतरी घट्ट आहे, त्यामुळे ते थोडेसे जरी मागे राहिले तरी नॅनोमोलर मात्रेतले तांबे काढून घेऊ शकते. याच कारणासाठी डीटीटीसारखे क्षपणक असलेले बफरही या कामात दूर ठेवावेत.

मुलुंडकर_फार्मा

साठवणीविषयी थोडे लिहितो, कारण मुंबईच्या पावसाळ्यात तिथेच घात होतो. जेल-पॅक वितळल्यामुळे गोठवून सुकवलेली भुकटी दोन दिवसांत बिघडेलच असे नाही. व्हायल थंड असताना उघडणे त्याहून वाईट. जुलैत इथल्या हवेत एवढे बाष्प असते की फ्रीजरमधून काढलेल्या काचेवर डोळ्यांदेखत दव धरते, आणि तेच पाणी भुकटीत जाते. व्हायल डेसिकेटरमध्ये सिलिका जेलवर ठेवून पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण काढावे. भुकटी एकाच वेळी विरघळवून टाकणे आणि स्टॉक छोट्या एपेनडॉर्फ नळ्यांत वाटून गोठवणे उत्तम, म्हणजे प्रत्येक नळी एकदाच वितळते. नळ्या पॉलिप्रॉपिलिनच्या घ्याव्यात. काच वापरायचीच असेल तर दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून, शुद्ध पाण्याने अनेकदा धुऊन घ्यावी, कारण नॅनोमोलर पातळीवर जुन्या काचेवरचे तांबेही मोजणीत येते. ऑटोक्लेव्ह करू नये. निर्जंतुकीकरण ०.२२ मायक्रॉनच्या पॉलिइथरसल्फोन फिल्टरनेच करावे आणि पहिले काही थेंब टाकून द्यावेत.

निळे धुवण सिंकमध्ये ओतू नये. पाण्यातल्या जीवांना तांबे फार बाधते. वेगळ्या बाटलीत साठवून ते संस्थेच्या धोकादायक कचऱ्याबरोबर पाठवावे.

वाचक_ठाणे

विषयांतराबद्दल क्षमस्व. अशा व्हायल ऑनलाइन सहज मिळतात आणि आमच्या ओळखीचे काही जण त्वचेसाठी म्हणून त्या पाण्यात मिसळून टोचूनही घेतात. प्रयोगशाळेत उरलेले द्रावण निर्जंतुक असेल तर त्यात धोका आहे काय?

ऊतीसंवर्धन_परळ

होय, धोका आहे. केवळ संशोधनासाठी विकलेल्या भुकटीत एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विषारी द्रव्य) किती आहे, तांबे किती मोकळे आहे आणि उरलेल्या वजनात काय आहे, याची हमी कोणीही दिलेली नसते. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू अडवतो, पण त्यांचे एंडोटॉक्सिन त्यातून पार जाते. याच धाग्यावर आपण पाहिले की प्रमाणपत्रावर ९८ टक्के लिहिलेल्या व्हायलमधल्या तांब्याचे गुणोत्तरही ठाऊक नाही आणि मीडियम बदलताच पेशी चोवीस तासांत मेल्या. चेहऱ्याला लावण्याची क्रीम औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या चौकटीत तयार होते. संशोधनाच्या व्हायलचा तिच्याशी काही संबंध नाही. कृपया आपल्या ओळखीच्या लोकांना आजच थांबवावे, आणि ज्यांनी टोचून घेतले आहे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना हे न लपवता सांगावे.

पेशीपालन_कलिना

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर झाला, पण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नव्हते.

कॅटालेजचा प्रयोग सर्वांत आधी केला. परळच्या ताई, आपला अंदाज खरा ठरला. कॅटालेज घातलेल्या विहिरींत १० मायक्रोमोलरलाही पेशी चिकटून राहिल्या आणि शेजारच्या विहिरींत सुटल्या. जुलैची मीडियमची बाटली पायरुवेट नसलेली निघाली. जूनची तीच असेल असे मी धरून चालले होते, पण नोंदवहीत पाहिले तर तिचा कॅटलॉग क्रमांक वेगळा आहे. म्हणजे मी दोन नव्हे, तीन बदल एकदम केले होते आणि तिसरा मला माहीतच नव्हता.

बाथोक्युप्रॉइनने जुना गोठवलेला स्टॉक मोजला. गाळण्याआधी नीट हलवून घेतलेल्या नमुन्यापेक्षा गाळलेल्या नमुन्यात तांबे स्पष्टपणे कमी आले. साका वेगळा काढून सौम्य आम्लात विरघळवला तर त्यातही तांबे मिळाले. दादरचे सर, आपण म्हणालात ती निळी झाक फिल्टरवर होती. मी ती पाहिली होती आणि पेप्टाइडचा रंग समजून सोडून दिली होती. दोन्ही व्हायलचे पेप्टाइड व तांबे यांचे गुणोत्तर मोजायला पवईला नमुने दिले आहेत, निकाल अजून यायचा आहे.

आता तांबे नसलेल्या जीएचकेच्या ॲसिटेटपासून कॉम्प्लेक्स स्वतः केला. पहिल्या वेळी अल्कली घाईने घातल्यामुळे द्रावण गढूळ झाले, ते टाकून दिले. दुसऱ्या वेळी संपूर्ण दुपार लागली, पण द्रावण शेवटपर्यंत स्वच्छ राहिले आणि ६०० नॅनोमीटरच्या आलेखात रेषा वाकलेली दिसली. ती माझ्या वजनाच्या हिशेबापेक्षा बरीच आधी वाकली. त्यावरून भुकटीतले पेप्टाइड लेबलवरच्या वजनापेक्षा कमी आहे हे कळले आणि तांबे त्या बेताने कमी केले. स्टॉक बफरशिवाय, छोट्या नळ्यांत, उणे २० अंशांवर ठेवला आहे. एक नळी वितळवून पाहिली, साका नाही. प्रत्येक नळीवर आता पेप्टाइडचे आणि तांब्याचे मोलर प्रमाण वेगवेगळे लिहिते.

ॲस्कॉर्बिक आम्लाच्या जागी २-फॉस्फेट घेऊन आणि तिन्ही नियंत्रणे ठेवून पेशींवर एक फेरी पूर्ण झाली. पेशी सर्वत्र जिवंत आहेत. दहा नॅनोमोलरला जीएचके-कॉपरच्या विहिरींत कोलॅजेन थोडे जास्त दिसते, परंतु तांबे व हिस्टिडिनच्या विहिरींतही ते नियंत्रणापेक्षा वर आहे आणि दोघांतला फरक एका फेरीवरून सांगण्याइतका मोठा नाही. मार्गदर्शकांना हे जसेच्या तसे दाखवले. ते म्हणाले, आणखी तीन फेऱ्या कर, आणि त्यातली एक दुसऱ्या कोणाकडून विहिरींवर सांकेतिक खुणा घालून घेऊन कर. उद्यापासून ती सुरू करत आहे. पवईचा निकाल आला की इथेच कळवीन.